मेन्टेनन्सवाल्याच्या घरचा गीझर

पुठ्ठा मीच लावला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी कुणीतरी दुसराच निघेल म्हणून तुम्ही वाट बघत बसाल, आणि तेवढा वेळ मलाही उगाच बरं वाटत राहील.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. आई निपाणीहून आमच्याकडे बेंगळुरूला आली होती. इथली थंडी तशी काही फार नसते. पण आमच्या बाथरूममध्ये वर, छताला लागून, काचेच्या तिरक्या पट्ट्यांचा एक झरोका आहे, आणि त्यातून सकाळी सात वाजता जो वारा येतो तो थेट आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवरच येतो. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "हरी, ह्या बाथरूमात पानी ऊन आनि वारा गार. अंग काय समजायचं त्यानं?"

मी त्याच संध्याकाळी टीव्हीच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा मापाने कापला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि झरोका बंद करून टाकला. दहा मिनिटांचं काम. आई म्हणाली, "गुणाचं लेकरू." बावन्नाव्या वर्षी हे ऐकायला मला आवडलं. (तुम्हालाही आवडलं असतं.)

त्या झरोक्याच्या शेजारीच गॅसचा गीझर टांगलेला होता. तो मला दिसला नाही असं नाही. सात वर्षं रोज दिसतच होता.

आता मी काय काम करतो ते सांगितलं पाहिजे. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे शाफ्ट बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी मेन्टेनन्स सुपरवायझर आहे. प्रत्येक मशीनला मी एक कार्ड बांधलंय. तेल कधी घातलं, पट्टा कधी ताणला, फिल्टर कधी धुतला, खाली सही. "मशीनला तोंड नसतं, म्हणून आपणच विचारायचं असतं," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की मी "मशीनला" म्हटलं की उरलेलं वाक्य कामगारच पुरं करतात. मागच्या वर्षी देवाप्पा नावाच्या ऑपरेटरने एक दिवस लेथला तेल न घालताच कार्डावर सही केली. आदल्या दिवशी त्याच्या मुलीचं बारसं होतं, माणूस झोपलेलाही नव्हता. मी त्याला लेखी मेमो दिला.

घरी मात्र माझा सगळा कारभार "बघतो" ह्या एका शब्दावर चालायचा.

"अहो, फिल्टरच्या पाण्याला चव येतेय."

"बघतो."

"फ्रिजचं दार लागत नाही."

"बघतो." (ते खरोखर बघितलं. दाराला खुर्ची टेकवून ठेवली.)

आमचा मिक्सर डावीकडे कलंडून धरला तरच फिरतो. किती कलंडायचा हे फक्त मला आणि माझ्या बायकोला, अलकाला, ठाऊक आहे. अलका शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, "साधारण पंधरा अंश."

गीझर बसवला तो शिवाप्पाने. हा चिक्कोडीकडचा, त्यामुळे आमच्याशी मराठी बोलतो, मध्येमध्ये कानडी पेरत. दर वर्षी त्याचा फोन यायचा. "सर, गीझर उघडून एकदा साफ करायला पाहिजे. स्वल्पच काम आहे."

दर वर्षी मी म्हणायचो, "शिवाप्पा, मी स्वतः मेन्टेनन्समध्ये आहे."

तो "सरी सर" म्हणून फोन ठेवायचा. चौथ्या वर्षी त्याने फोन करणं सोडलं.

पुठ्ठा लावल्यावर दोन दिवसांनी आई बाथरूममधून डोकं पुसत आली आणि म्हणाली, "हरी, त्या गीझरची ज्योत पिवळी हाय रं. निळी पायजे." गीझरला समोर एक लहानशी काच असते, त्यातून तिने पाहिलं होतं. आईने उभा जन्म रॉकेलच्या स्टोव्हवर काढलेला. "पिन मार तिला."

"आई, हा स्टोव्ह नव्हे. ऑटोमॅटिक आहे."

"आटोम्याटिक असंना. आग ती आगच की."

मी हसलो. कारखान्यात एखाद्या भट्टीची ज्योत पिवळी झाली असती तर मी लाईन बंद करून माणसं बाहेर काढली असती. घरात मी आईला चहा दिला.

मग डोकेदुखी सुरू झाली. आंघोळ झाली की आईचं डोकं ठणकायचं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्या दिवशी अलकाचं दुखलं. मी म्हटलं, सहामाहीचे पेपर तपासतेस ना, त्याने. तिसऱ्या दिवशी माझंच दुखायला लागलं तेव्हा मी ट्रॅफिकला दोष दिला. घरातून बाहेर पडायच्या आत. तीन डोकी, तीन कारणं. तीन मशीन एकाच आठवड्यात एकसारख्या तापल्या असत्या तर मी आधी विचारलं असतं, तिन्हींमध्ये सारखं काय आहे? पण माणसांना मी कार्ड बांधलेलं नव्हतं.

मग रविवार आला. आईला केस धुवायचे होते. साडेआठला ती आत गेली. मी पेपर वाचत होतो, अलका उप्पीट परतत होती. थोड्या वेळाने अलकाने गॅस बारीक केला आणि मान वळवली.

"अहो, आईंना किती वेळ झाला?"

"केस धुतेय ती."

"पाण्याचा आवाज ऐका."

मी ऐकला. पाणी पडत होतं. "पडतंय की."

"तेच. एकसारखं पडतंय. माणूस अंगावर पाणी घेत असेल तर आवाज तुटतो."

ती तशीच, हातात उलथणं घेऊन, बाथरूमच्या दाराशी गेली. "आई! ओ आई!" दार वाजवलं. उत्तर नाही. पाणी तेवढं पडत होतं. मी हाक मारली. लहानपणी शाळेतून आल्यावर मारायचो तशी, लांब. तरी उत्तर नाही.

यापुढचं मला नीट सांगता येत नाही, पण सांगतो. दार आतून लावलेलं होतं. मी धावत टूलबॉक्स आणायला गेलो. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले की दार अलगद निघेल, असा माझा विचार. टूलबॉक्स माळ्यावर होता. तो गंजून बंद झालेला. मी तो गुडघ्यात धरून उघडला, चार नंबरचा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, तीनचा घेतला, परत आलो आणि दारासमोर बसलो. तेव्हा मला दिसलं की बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत.

"सरका!" अलका ओरडली.

तिच्या हातात वरवंटा होता. मी सरकलो. तिने दोन्ही हातांनी तो दारावर घातला. दार प्लॅस्टिकचं. दुसऱ्या घावाला तडा गेला, तिसऱ्याला भोक पडलं. तिने त्यात हात घातला, कोपरापर्यंत खरचटून घेतला आणि कडी काढली.

आई खाली स्टुलावर बसलेली होती, भिंतीला टेकून. केसांत शिकेकाईचा फेस तसाच. गाल लाल. झोपली आहे असं वाटावं इतकी शांत. भिंतीवर गीझर चालूच होता आणि त्याच्या काचेतून ती पिवळी ज्योत हलत होती.

घावांच्या आवाजाने समोरच्या धनलक्ष्मी अक्का धावत आल्या. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि नाकाला पदर लावून कानडीत ओरडल्या, "गॅस बंद करा! खिडक्या उघडा! त्यांना बाहेर काढा आधी!" सिलिंडर बंद केला तो अक्कांनी. आईला चादरीत गुंडाळून काखेत धरून ओढलं ते अलकाने आणि अक्कांनी. मी मागून पाय उचलले. स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या मुठीतच होता, हे मला पार जिन्याजवळ कळलं.

जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी आईला कुशीवर ठेवलं. ती श्वास घेत होती, पण उथळ, अडखळत. अलका तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आई, ऐकताय ना? आई." आई गेली तर निपाणीत मी कुणाला काय सांगू, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि हा विचार आईबद्दलचा नव्हता, माझ्याबद्दलचा होता, हेही तेव्हाच कळत होतं.

दोनतीन मिनिटं गेली असतील. आईने डोळे उघडले, ओकली, पुन्हा डोळे मिटले आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दार कुनी फोडलं?"

अक्कांना मराठी येत नाही, पण त्यांनी हात जोडले.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. दिव्यश्री नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईच्या तोंडाला ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला पाठवलं आणि मग आमच्याकडे वळून कानडीत विचारलं, "गीझर गॅसचा आहे?"

"हो."

"बाथरूममध्येच?"

"हो."

"खिडकी नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"उघडी होती?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. अलका म्हणाली, "पुठ्ठा लावलेला होता." कुणी, ते ती बोलली नाही.

"कुणी लावला?"

"मी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, की बर्नर घाण झाला आणि हवा मिळाली नाही की ज्योत पिवळी होते आणि विषारी वायू सोडते. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं फक्त डोकं दुखतं आणि त्याला झोप येते. "अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ते वाक्य मी अजून पुरं करत असतो.

दिवसभर आम्ही आईच्या खाटेशेजारी बसलो. अलकाच्या कोपराला पट्टी होती. दुपारी चारच्या सुमारास तिने एकच विचारलं, "तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर का शोधत होता हो?"

"दार खराब होऊ नये म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून ती रडली. सकाळपासून पहिल्यांदा.

आई वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. काही आठवडे विसरभोळेपणा वाटतो का याकडे लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी तासातासाला तिला विचारू लागलो, आज वार कोणता, माझं नाव काय. दुसऱ्या दिवशी तिने उत्तर द्यायचं सोडून दिलं आणि म्हणाली, "मला समदं आठवतंय. ज्योत पिवळी म्हनलेली बी आठवतंय." एवढंच. त्यावर ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

निपाणीहून मावशीचा फोन आला. आई पलंगावर बसून सांगत होती, "काय न्हाई गं. उपास हुता, चक्कर आली. हरीनं लगीच दवाखान्यात न्हेलं. लई केलं पोरानं."

मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पुढे होऊन तिच्या हातातून फोन घेतला. "मावशी, चक्कर नव्हे. मी गीझर सात वर्षं साफ करून घेतला नाही आणि झरोका पुठ्ठ्यानं बंद केला. माझ्यामुळं झालं."

मावशी म्हणाली, "तुझ्यामुळं असनारच. तुझ्या आईनं जन्मात कवा उपास केलाय?"

आई हसली आणि हसताहसता तिला खोकला आला. मी पाणी आणायला गेलो आणि स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ थांबलो.

शिवाप्पाला मी स्वतः फोन केला. तो लगेच आला. आधी झरोक्याकडे बघून थबकला.

"सर, हा पुठ्ठा कुणी लावला?"

"का रे?"

"पेंटर आले होते काय? असली अडाणी माणसं असतात, सर. गॅसचा गीझर समोर दिसतोय आणि हवा बंद करतात! चिकटपट्टी पण किती व्यवस्थित मारलीय बघा. जीव घ्यायचा तर नीट घ्यायचा."

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, पेंटर नव्हे..."

"मग इलेक्ट्रिशियन?"

"सांगा की," आतून अलकाचा आवाज आला.

मी सांगितलं. शिवाप्पाने मान खाली घातली आणि गीझरचे स्क्रू काढू लागला. बराच वेळ तो माझ्याकडे बघेना. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त ओशाळल्यासारखं झालं होतं.

झाकण निघालं. आत काजळी साचलेली होती, चुलीच्या मागच्या भिंतीवर असते तशी. बर्नरमध्ये हवा शिरते त्या भोकांवर कोळ्याची जाळी, त्यांवर धूळ. शिवाप्पाने एक बोट फिरवून मला दाखवलं. "सर, मी दर वर्षी हेच करणार होतो. हे ब्रशनं झाडायचं. वीस मिनिटं."

तो गीझर आम्ही काढून टाकला. नवा बसवला तो बाहेर, धुण्याच्या बाल्कनीत, उघड्या हवेत. आई तरी पहिले आठ दिवस नव्या दाराची कडी न लावता, ते नुसतं लोटूनच आंघोळ करायची. आत गेली की ती मोठ्याने बोलत राहायची, आणि मी बाहेर खुर्ची टाकून "हं, हं" म्हणत बसायचो. त्या आठ दिवसांत मला निपाणीच्या सगळ्या नातेवाइकांची भांडणं, कारणांसकट, समजली.

कारखान्यात गेल्यावर मी पहिल्यांदा देवाप्पाकडे गेलो. त्याच्या फायलीतला तो मेमो मी काढून हातात घेतला होता. "हा मी परत घेतो," म्हणालो, आणि का ते सांगितलं. देवाप्पाने लेथ बंद करून सगळं ऐकलं. आई कशी आहे विचारलं. मग मेमोकडे बघत म्हणाला, "राहू दे सर. त्या दिवशी तेल खरंच घातलं नव्हतं." आणि पुन्हा लेथ सुरू केला. मेमो हातात घेऊन मी तिथे उभा राहिलो, कुठे ठेवावा ते कळेना.

जानेवारीत आमच्या बिल्डिंगीच्या मीटिंगमध्ये ठरलं की सगळ्या घरांतले गीझर तपासून घ्यायचे. शिवाप्पाला काम मिळालं. तो मला म्हणाला, "सर, तुम्ही पण चला माझ्याबरोबर." मला बरं वाटलं. निदान माझं ज्ञान तरी कुणाच्या उपयोगी पडेल. रविवारी सकाळी मी स्वच्छ शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि निघालो.

पहिल्या घरी मी बर्नरमध्ये हवा कशी मिसळते हे समजावायला सुरुवात केली, तेवढ्यात शिवाप्पाने हळूच माझा हात दाबला. दुसऱ्या घरी दाबला. तिसऱ्या घरीही. चौथ्यानंतर जिन्यात मी त्याला थांबवलं.

"शिवाप्पा, मला बोलू का देत नाहीस? ह्या विषयातलं मला थोडंफार कळतं."

"सर, राग मानू नका. तुम्ही समजावलं की लोक वाद घालतात. म्हणतात, आमचा चांगला चालतोय, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही नुसतं माझ्या शेजारी उभं राहायचं. मी एवढंच सांगतो, 'इवर मनेल्ले आगिद्दु', ह्यांच्याच घरी झालं. लोक तुमच्याकडे एकदा बघतात आणि गप्प गीझर उघडायला देतात."

"बरं," मी म्हणालो.

"आणि सर, पुढच्या रविवारी पलीकडच्या बिल्डिंगीत याल काय? तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही, तेव्हा जरा तसं तोंड करून यायला लागेल."

"तसं म्हणजे कसं?"

शिवाप्पाने माझ्याकडे नीट बघितलं.

"आत्ता आहे तसंच, सर. हेच ठेवा."